सरपंचांचा अभ्यासगट: दप्तर घेऊन बसायची पद्धत

नवीन सरपंचाला दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. यशदाचे (राज्य सरकारची पुण्यातली प्रशिक्षण संस्था) किंवा जिल्हा परिषदेचे प्रशिक्षक कायदा समजावतात, पुस्तिका देतात, आणि ते आवश्यकही असतं. पण गावात परतल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा: नमुना 9 मधली (कर मागणी नोंदवहीतली) मागणी आणि पावतीपुस्तकातली वसुली जुळत का नाही? त्याचं उत्तर पुस्तिकेत नसतं. ते बारा किलोमीटरवरच्या गावातल्या सरपंचाकडे असतं, कारण त्याने मागच्या वर्षी तेच निस्तरलेलं असतं. हे दोघे भेटतात ते लग्नात, नाहीतर बीडीओंच्या (गटविकास अधिकाऱ्यांच्या) दाराबाहेर, आणि तिथे कोणाच्या हातात रजिस्टर नसतं.

अभ्यासगट म्हणजे एवढंच: दर महिन्याला चार तास, एकेका गावात, प्रत्येकाने आपलं दप्तर, म्हणजे ग्रामपंचायतीची रजिस्टरं, घेऊन बसायचं. नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांसाठी हा गट कसा बांधायचा आणि वर्षभर कसा टिकवायचा, ते पुढे दिलं आहे.

गट कोणाचा

10 ते 12 ग्रामपंचायती घ्या. प्रत्येक ग्रामपंचायतीतून दोघे: सरपंच, आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा एखादा वाचणारा-लिहिणारा सदस्य. म्हणजे जास्तीत जास्त 24 माणसं. याहून जास्त झाली की माईक लागतो, आणि माईक आला की भाषण आलं.

सगळी गावं 20-25 किलोमीटरच्या आत असावीत. शक्यतो एकाच पंचायत समितीतली घ्या, म्हणजे अधिकारी तेच, पत्रं तीच, अडचणीही त्याच. मात्र सगळी गावं एका साच्याची नकोत. हिंगणा-कामठीकडच्या शहरालगतच्या ग्रामपंचायतींना लेआऊट, फ्लॅट आणि कचरा यांनी घेरलंय. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअर खोल जात चाललेत. सावनेर-पारशिवनीत खाणीलगतची गावं आहेत, तर कुही-भिवापुरात गोसीखुर्दमुळे उठून नव्या जागी वसलेली. एका तालुक्यातही असे दोन-तीन प्रकार सापडतात. ते मुद्दाम मिसळा. दहाही गावं सारखी असली तर दहाही जणांची चूक एकच असते आणि ती कोणालाच दिसत नाही.

महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे गटातल्या साधारण निम्म्या सरपंच बाया असणार. इथे एक नियम पहिल्याच बैठकीत सांगून टाका: कागदावर ज्याची सही, खुर्ची त्याची. सरपंचबाईंचे यजमान गाडीवर सोडायला आले तर चहा घ्यावा आणि बाहेर बसावं. निमंत्रण बाईंच्या नावाने आणि बाईंच्याच मोबाईलवर पाठवा. पहिल्या दोन बैठकांत त्यांच्याकडून एखादं पान मोठ्याने वाचून घ्या. तिसऱ्या बैठकीला त्या स्वतःच दुसऱ्याची चूक काढतात.

वेळ आणि जागा

जागा दर महिन्याला बदलायची. ज्या गावात बैठक, त्या गावची ग्रामपंचायत यजमान. सभागृह, हॉल, शामियाना काही नको. कार्यालयातच सतरंजी टाका. रजिस्टर कपाटातून काढायला दोन पावलं लागतात, हा त्यातला मोठा फायदा. जेवण डब्याचं. यजमानाने चहा आणि पाण्याची सोय करावी, फार तर पोहे. ग्रामनिधीतून या बैठकीवर एक रुपयाही टाकू नका, नाहीतर पुढच्या लेखापरीक्षणात हाच मुद्दा निघेल.

सकाळी 11 ते दुपारी 3 ही वेळ बरी, कारण परतीची एसटी मिळते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा सकाळी साडेसातला बसा आणि अकराला उठा. आसपासच्या गावांचे बाजाराचे दिवस आणि पंचायत समितीतला आढावा बैठकीचा दिवस टाळा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, तेव्हा तारीख आठ दिवस मागेपुढे करावी लागते. मार्चअखेर कोणी फिरकत नाही, म्हणून मार्चची बैठक ठेवूच नका. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं आणि बहुतेक कार्यालयं उत्तरं तयार करण्यात बुडालेली असतात. त्या महिन्यात बाहेरून कोणाला बोलवू नका. आपापसातच अर्थसंकल्पावर बसा, तसाही तो त्याच सुमारास तयार करायचा असतो.

बैठकीचे चार तास

पहिली वीस मिनिटं मागच्या महिन्याच्या कबुलीची. प्रत्येकाने एक काम करतो म्हणून सांगितलेलं असतं. झालं की नाही एवढंच सांगायचं, कारण एका वाक्यात. ज्याचं झालं नाही त्याला कोणी बोलायचं नाही. फक्त वहीत लिहून ठेवायचं, तीच वही पुढच्या वेळी वाचली जाणार असते.

नंतरचा सव्वा तास दप्तराचा. त्या महिन्याचा विषय एकच. प्रत्येकाने त्या विषयाचं मूळ रजिस्टर आणायचं. झेरॉक्स चालत नाही, कारण झेरॉक्स निवडून आणलेली असते. दोघादोघांनी रजिस्टरं बदलून घ्यायची आणि पंधरा मिनिटं दुसऱ्याचं वाचायचं. आपल्या रजिस्टरात जे डोळ्यांना सवयीचं झालंय, ते दुसऱ्याच्या रजिस्टरात लगेच खटकतं.

मग पाऊण तास गावात पायी. दप्तरात वाचलेलं जमिनीवर आहे का, ते बघायला. जेवणानंतर चाळीस मिनिटं अडलेल्या कामांची. महिन्याला तीनच कामं घ्यायची, आणि ती आदल्या आठवड्यात लिहून दिलेली असावीत. आयत्या वेळचे प्रश्न घेतले की बैठक बीडीओंच्या तक्रारींवर घसरते आणि तीन वाजेपर्यंत तिथेच राहते. शेवटी प्रत्येकाची पुढच्या महिन्याची एक कबुली, तारीख घालून.

करवसुली: पहिला विषय हाच घ्या

एप्रिल-मे महिन्यात घरपट्टीवर बसा. नमुना 8 म्हणजे कर आकारणी नोंदवही, नमुना 9 मागणीची, नमुना 10 कराची पावती. तिन्ही आणायला सांगा.

बहुतेक सरपंच म्हणतात, "आमची वसुली पन्नास टक्के." हा आकडा काहीच सांगत नाही. तो फोडायला शिका. समजा जुनी थकबाकी 3,20,000 रुपये आणि चालू वर्षाची मागणी 4,00,000, म्हणजे एकूण 7,20,000. वसूल झाले 3,60,000, म्हणजे पन्नास टक्के. आता पावत्या वेगळ्या करा. चालू मागणीपैकी 3,00,000 आले असतील तर ती वसुली 75 टक्के. थकबाकीपैकी मात्र 60,000, म्हणजे जेमतेम 19 टक्के. याचा अर्थ गाव पैसे देतंय, अडलेत ते जुने. अशा गावात दवंडी देऊन किंवा सवलत जाहीर करून उपयोग नाही. थकबाकीची यादी रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरच्या वीस नावांत बहुतेक रक्कम सापडते, आणि त्यांतली निम्मी नावं गरिबांची नसतात.

त्या वीस नावांचे प्रकार पाडा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. मालक वारला आणि वारसांत वाद आहे. घर पडलंय, पण नोंद उभी आहे. एकाच घराच्या दोन नोंदी झाल्यात. मालमत्ता कंपनीची किंवा सरकारी खात्याची आहे आणि बिल चुकीच्या पत्त्यावर जातंय. आणि शेवटी, देऊ शकतो पण देत नाही. पडलेल्या आणि दुबार नोंदींचा प्रस्ताव मासिक सभेत ठेवून, पंचनामा जोडून त्या दुरुस्त करता येतात. नुसती पेन्सिलने रेघ मारू नका. न देणाऱ्याला आधी बिल, मग महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 129 प्रमाणे मागणीचा लेख (लेखी नोटीस), हाच क्रम. यातली एक पायरी गाळली की जप्तीपर्यंत पोचलेलं प्रकरणही मागे फिरतं. लोकअदालतीत दाखलपूर्व (कोर्टात जाण्याआधीची) प्रकरणं देता येतात, फक्त यादी वेळेत द्यावी लागते.

गावफेरीत दोन्ही बाजूंनी तपासणी करा. नमुना 8 मधली कोणतीही दहा घरं निवडून जागेवर बघा. मग रस्त्यावरची कोणतीही दहा घरं निवडून ती नोंदवहीत शोधा. पहिल्या तपासणीत भुताची घरं सापडतात, दुसरीत नोंदच नसलेली. कागदावर मातीचं घर आणि जागेवर स्लॅबचं दुमजली, हे तर हमखास. दर चार वर्षांनी करायची फेरआकारणी रखडल्याची ती खूण.

शेवटी नवीन सरपंचांना एवढं दाखवून द्या की स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. पाच लाख उत्पन्न असेल तर 75,000, 50,000 आणि 25,000. हे आकडे एप्रिलमध्येच भिंतीवर लावा, म्हणजे मार्चमध्ये घाईघाईने खुर्च्या घ्याव्या लागत नाहीत.

पाणी: पावसाळ्याआधीची बैठक

या बैठकीला पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला आणाच. खरं प्रशिक्षण त्याचं आणि सरपंचाचं एकत्र होतं. विषय टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. चांगल्या पावडरचं प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम, तेव्हा 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं स्वच्छ द्रावण टाकीत टाका, खालचा चुन्याचा गाळ फेका. तासाभराने पाणी सोडा आणि ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घ्या, क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. ती टाकीजवळच्या नळाला घेऊन भागत नाही, शेवटच्या घरच्या नळाला घ्या. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन राहायला हवं.

शेवटच्या नळाला पिवळा रंग आला नाही तर कारणं तीनच. पावडर जुनी, किंवा पोतं उघडं राहिल्यामुळे मेलेली. वजनकाटा नसल्यामुळे मूठभर अंदाजाने टाकलेली. नाहीतर वाटेत पाईप फुटलेला, आणि तो बहुधा नालीतून जातो. यजमान गावातच ही चाचणी करून दाखवा. येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या टीसीएलचा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत आणावा. तो प्रयोगशाळेत दिला की क्लोरीन 20 टक्क्यांच्या वर आहे की खाली ते कळतं. पाण्याच्या स्वच्छता तपासणीत मिळालेलं गावाचं कार्ड लाल, पिवळं की हिरवं हे सगळ्यांना पाठ असतं. कशामुळे, हे फार थोड्यांना.

निधी आणि ठराव

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 पासून 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित असा भाग होता. दहा लाख आले तर तीन लाख पाण्यासाठी, तीन लाख स्वच्छतेसाठी, चार लाख गावाच्या इतर गरजांसाठी, पण पगार-आस्थापनेसाठी नाही. या मागच्या वर्षांचा खर्च घेऊन बसा. पैसा खात्यात असून खर्च का झाला नाही, याची कारणं गावोगाव तीच निघतात: काम ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या आराखड्यात नव्हतं, मागच्या महिन्याची नोंदवही बंद केली नव्हती, नाहीतर डिजिटल सहीची मुदत संपली होती. सहीचा डोंगल संगणक परिचालकाच्या खिशात असेल तर ते याच बैठकीत थांबवा. तो ज्याचा त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

ठरावांसाठी प्रत्येकाचं प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही) फिरवा. "गावात नाली बांधकाम करण्यास मंजुरी देण्यात येते" असा ठराव सापडला की तो तिथेच पुन्हा लिहायला लावा: कोणाच्या घरापासून कुठपर्यंत, किती मीटर, कोणत्या निधीतून, अंदाजे किती रकमेचं, सूचक कोण, अनुमोदक कोण. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली असेल तर तहकुबीची नोंद आणि पुन्हा घेतलेल्या सभेची नोंद वेगवेगळी आहे का, ते बघा. एकाच पानावर एकाच शाईने दोन्ही लिहिलेली असली की लेखापरीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतो.

बाहेरचा माणूस आणि सहल

वर्षातून दोनदाच बाहेरचा तज्ज्ञ, तेही प्रश्न आधी लिहून पाठवून. नागपुरात नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय आहे. "पाण्याबद्दल मार्गदर्शन करा" म्हटलं की तासभर व्याख्यान मिळतं. "या तीन विहिरींचे हे नायट्रेटचे अहवाल, शोषखड्डे किती अंतरावर घ्यावेत?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

पाण्याच्या कामासाठी गाजलेलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार नागपूरहून साधारण सहाशे किलोमीटर आहे. जायचं तर जा, पण फोटो काढायला नको. तिथे पावसाच्या मोजणीवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. त्याचा तक्ता बघून या. तेवढं डिझेल खर्चायचं नसेल तर आपल्याच गटातल्या गावात ज्याची वसुली नव्वद टक्के आहे, त्याच्या कार्यालयात एक पूर्ण दिवस नुसतं बसून राहा.

व्हॉट्सअॅप ग्रुप

ग्रुप हवाच, पण त्यावर फक्त कागद. सुप्रभात, वाढदिवस, नेत्यांचे फोटो टाकणाऱ्याला एकदा सांगा, दुसऱ्यांदा काढा. रजिस्टरच्या फोटोत करदात्याचं नाव, आधार किंवा मोबाईल क्रमांक दिसत असेल तर त्यावर कागद ठेवून फोटो घ्या. पक्षाचा विषय बैठकीतही नको आणि ग्रुपवरही नको. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक बंद ठेवा.

सरपंच पाच वर्षांनी बदलतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या बदल्या त्याहून आधी होतात. म्हणून कबुल्यांची वही एकाच्या घरी राहू देऊ नका. दर बैठकीनंतर ती पुढच्या यजमान ग्रामपंचायतीच्या कपाटात जाते, पोच घेऊन.