जुन्या वर्तमानपत्राची फाईल वाचायची कशी

मी तालुक्याला वार्ताहर होतो, आता वाचनालयात जुन्या फायली चाळत बसतो. पोरं मोबाईल घेऊन येतात, अग्रलेखाचा फोटो काढतात आणि निघतात. तसं करू नका.

आधी हात कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटलंत तर कोपरा हातात येईल. माझ्या आला होता, ग्रंथपालबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. पान वरच्या कोपऱ्यातून, खाली तळहात धरून उलटायचं.

मग तारीख. मजकुराच्याही आधी. १८९७ चा टिळकांचा 'केसरी' घ्या. १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. २२ जूनच्या रात्री पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. मधे फक्त सात दिवस! तोच मजकूर पुढे राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांविरुद्ध वापरला गेला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. म्हणून वहीत दोन रकाने आखा: एकात छापलं काय, दुसऱ्यात त्या सुमारास घडलं काय. त्याच्या आधीच्या काही महिन्यांत पुण्यात प्लेगची घरझडती झाली होती, हे दुसऱ्या रकान्यात आलं नाही तर पहिला रकाना मुका राहतो.

जाहिराती, धान्याचे भाव, वाचकांची पत्रं सोडू नका. मला तर अग्रलेखापेक्षा तीच जास्त आवडतात.

उतरवताना जुनं शुद्धलेखन सुधारू नका. अनुस्वारासकट तसंच लिहा, शेजारी पान आणि रकाना टाका. आणि पेन नको, पेन्सिलच न्या.