इटलीत पास्ता मागवताना या चुका टाळा

"सहा जणांत तीन पास्ता सांगू, एक्स्ट्रा प्लेट्स मागू, कमी पडलं तर नंतर बघू." इटलीतल्या बोलोन्या शहरात आमच्याकडे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचं मेन्यूकार्ड उघडायच्या आधीच हे ठरलेलं असतं. मग वेटर येतो, ऐकतो, आणि माझ्याकडे बघतो.

इथे एका प्लेटमध्ये एका माणसाचा पास्ता येतो, साधारण 80 ते 100 ग्रॅम, कोरडा मोजलेला. जेवणाच्या क्रमात तो 'प्रीमो'. त्यानंतर मांस किंवा मासे, म्हणजे 'सेकोंदो', आणि त्याच्या सोबतीला भाजीची वेगळी प्लेट. हे सगळं मागवलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. दुपारी नुसता पास्ता खाऊन उठणारे इटालियन ढिगाने आहेत. पण एकाची प्लेट तिघांत फिरवली की पास्त्याचं वाटोळं होतं. तो सॉस पीत राहतो, गार होतो, चिकटतो. तिसऱ्या माणसाच्या वाट्याला लगदा येतो आणि "एवढं काय कौतुक यांच्या पास्त्याचं" हे वाक्यही त्याच माणसाकडून येतं. वाटून खायची हौस असेल तर सुरुवातीची अँटीपास्टीची थाळी मधे ठेवा, भाज्या मधे ठेवा. काही ठिकाणी 'बिस' किंवा 'त्रिस' मिळतो, म्हणजे दोन-तीन प्रकारचे पास्ते थोडे थोडे. मी पाहुण्यांना घेऊन जाते ती जागा बिस देते, म्हणूनच घेऊन जाते.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार: पास्ता "कच्चा आहे" म्हणून परत पाठवणं.

एक काका होते, नात्यातलेच. स्पॅगेटी आली, एक घास घेतला, काटा खाली ठेवला. "अगं, मधे टणक लागतंय. सांग त्यांना." मी समजावलं की इथे असंच करतात. ऐकेनात. प्लेट आत गेली. स्वयंपाकघरात करणार काय? तोच पास्ता पुन्हा उकळत्या पाण्यात. परत आली, काकांनी पुन्हा चाखली, पुन्हा पाठवली. तोवर आमची जेवणं संपली, मुलं आइस्क्रीमसाठी कुरकुरायला लागली. तिसऱ्यांदा आलेली स्पॅगेटी काट्याला लागताच तुटत होती. काका खूश. दोन घासांनी म्हणतात, "पण सॉसला काही चवच नाही." कशी असेल? सॉस दोनदा उकळून पाण्यात गेला होता.

इथला कोरडा पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचा असतो, तसा कायदाच आहे. तो पाकिटावरच्या वेळेच्या मिनिट-दोन मिनिटं आधी पाण्यातून काढतात आणि उरलेलं शिजणं तव्यात, सॉसबरोबर, त्याच्याच पिठाळ पाण्याच्या एक-दोन डावांत होतं. म्हणून सॉस पास्त्याला धरून राहतो. दाताखाली थोडा लागणं हा त्या पद्धतीचाच भाग आहे. तरी मऊच हवा असेल तर भांडू नका, ऑर्डर देतानाच "बेन कोत्ता" म्हणा. वेटरचं तोंड वाकडं होईल, पण शिजवून देतील. त्याहून सोपं म्हणजे मुळातच मऊ असणारं मागवा: अंड्याची ताजी ताल्यातेल्ले (पास्त्याच्या रुंद पट्ट्या), लझान्या, बटाट्याचे न्योकी. दातांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना मी न विचारता न्योकी सांगते. आजवर एकही प्लेट परत गेलेली नाही.

पुढची चूक शाकाहारी मंडळींची, आणि ती महाग पडते. "व्हेज आहे का?" एवढंच विचारून हे लोक निर्धास्त होतात.

एक मावशी आल्या होत्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या. मी गाडी लावून येईपर्यंत थांबा म्हटलं होतं. त्यांना धीर कुठला? शेजारच्या टेबलावर बोट दाखवून "चीज, व्हेज?" विचारलं. वेटरने 'चीज' ऐकलं, चीज आत असतंच, मान हलवली. मी पोचले तेव्हा मावशी वाडग्यातले "इवलेसे मोदक" चमच्याने खात होत्या. अर्धे संपले होते. "सारण कसलं गं?" तोर्तेल्लीनी होते ते. सारणात डुकराचं मांस, प्रोशुत्तो हॅम, मोर्तादेल्ला सॉसेज आणि शिवाय पार्मिजानो चीज, अंडं. ज्यात पोहत होते तो रस्साही मांसाचाच. खोटं बोलावंसं वाटलं नाही, सांगितलं. दिवसभर त्या फळांवर राहिल्या आणि घरी येताच डोक्यावरून अंघोळ केली. रिकोट्टा भरलेले, आकाराने मोठे ते तोर्तेल्लोनी. त्यांतही अंडं आणि पार्मिजानो असतं, पण निदान मांस नाही.

चीजचं म्हणाल तर पार्मिजानो रेज्जानो या नावाने विकायचं तर वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, वापरणं नियमानेच सक्तीचं आहे. पेकोरिनो रोमानो या मेंढीच्या चीजला कोकराचं. म्हणजे काचो ए पेपे (चीज-मिरीचा पास्ता), पेस्तो (बेसिलची चीज घातलेली चटणी), हे दिसायला निरुपद्रवी पदार्थही कडक शाकाहारी माणसाला चालणारे नाहीत. (गंमत अशी की पार्मिजानोच्या या पट्ट्यात गाईगुरं सांभाळणाऱ्यांत पंजाबी माणसं पुष्कळ आहेत. नोव्हेल्लाराला त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे.) रोमच्या चार नामांकित पास्त्यांपैकी कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तिघांत ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं मांस. दक्षिणेकडची ओरेक्क्येत्ते, म्हणजे कानाच्या आकाराचा पास्ता, बिनअंड्याची, पण चीमे दी रापा या पाल्याबरोबर आली तर तिच्यात बहुतेकदा अँचोव्ही मासा विरघळलेला असतो, दिसतसुद्धा नाही.

मी 'व्हेज' हा शब्दच वापरत नाही. एकेक जिन्नस नाव घेऊन वगळते: सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा, सेंत्सा फोर्माज्जो. मांस, मासे, अंडं, चीज, सगळं बाद. फोनमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा. मग कोरड्या पास्त्यातले तीन प्रकार सहसा खात्रीचे उरतात: टोमॅटोचा पोमोदोरो, लसूण-तेलाचा आल्यो ए ओल्यो आणि मिरचीचा अर्राब्याता. प्रवासात आठवडाभर हेच खावं लागलं तरी बिघडत नाही, तिन्ही उत्तम असतात. रेनेट चालत असेल तर तुमची यादी एकदम दहापट होते. हे घरून निघायच्या आधी ठरवा, टेबलावर बसून कुटुंबात चर्चा नको.

बाकीचं भराभर.

शिंपल्यांच्या किंवा माशांच्या पास्त्यावर चीज मागू नका.

सुरीने स्पॅगेटी कापू नका. चमच्याच्या आधाराने गुंडाळलीत तर कुणी हाकलणार नाही, पण चार-पाच तारा ताटाच्या कडेला ओढून नुसत्या काट्यानेही जमतं. घाई करणाऱ्याच्या काट्यावर क्रिकेटचा चेंडू तयार होतो.

पावाबरोबर पास्ता खाऊ नका. पाव शेवटी, उरलेला सॉस पुसून घ्यायला. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिखट हवं असेल तर बॅगेतली चटणी काढण्याआधी "पेपेरोन्चीनो", म्हणजे मिरची, मागून बघा. दक्षिणेतल्या कालाब्रियाची माणसं आपल्याला हरवतील असं तिखट खातात.

बिलावर माणशी दीड-दोन-तीन युरोंचा 'कोपेर्तो' दिसला म्हणून मॅनेजरला बोलावू नका. ते टेबलावर बसण्याचं शुल्क आहे आणि मेन्यूवर छापलेलं असतं.

दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला उघडतं. साडेपाचला गरम पास्ता देणारी, दारात फोटोंचा मेन्यू लावलेली जागा कुणासाठी असते ते ओळखा.

स्पॅगेटी बोलोन्येझे बोलोन्यात मागू नका. इथे रागू, म्हणजे मांसाच्या खिम्याचा सॉस, ताल्यातेल्लेवर येतो, कारण अंड्याच्या रुंद, खरखरीत पट्टीवर तो बसतो आणि गुळगुळीत स्पॅगेटीवरून खाली घसरतो. या पट्टीची रुंदी, शिजल्यावर 8 मिलिमीटर, इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये 1972 साली नोंदवून ठेवली आहे, सोन्याच्या नमुन्यासकट. 1982 साली रागूची कृतीही तिथेच जमा झाली. तरी इथल्या कट्टर मंडळींपुढे फार दबूनही जाऊ नका. ज्या कार्बोनारात क्रीम घातलं म्हणून ते कपाळाला हात लावतात, तिचा लेखी उल्लेख दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सापडत नाही, आणि 1954 साली इटलीत छापलेल्या तिच्या कृतीत ग्रुयेर चीज आणि लसूण होते.

परत गेल्यावर घरी करणाऱ्यांसाठी: 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, त्यात 10 ग्रॅम मीठ. पाण्यात तेल नको, पास्ता सॉसला धरत नाही. गाळल्यावर नळाखाली धरू नका, वरचा पिठाळपणा वाहून जातो. सॉस आधी तयार ठेवा, पास्ता नंतर टाका. पास्ता सॉससाठी थांबत नाही. व्हाइट सॉस खुशाल करा, तुमच्या घरात तुमचं राज्य, फक्त त्याला इटालियन म्हणून पाहुण्यांना वाढू नका. मैदा-दुधाचा तो सॉस इथे मुख्यतः लझान्यासारख्या भाजून करायच्या पदार्थांच्या थरांत जातो. आणि कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत पास्ता करून "वेळ वाचतो" म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते: उघड्या भांड्यात त्याला दहा-बारा मिनिटं लागतात, कुकर थंड व्हायला किती?