स्कीइंगला जायचंय पण गर्दी नको? लॅपलँडमधलं शांत ठिकाण असं निवडा

उत्तर फिनलंडमधलं लॅपलँड म्हटलं की रोव्हानिएमी, सांताक्लॉजचं गाव, काचेचे इग्लू आणि नाताळची सुट्टी हे सगळं एकदमच डोक्यात येतं, आणि प्रॉब्लेम असा की जगभरच्या लोकांच्या डोक्यात पण हेच येतं. मग बर्फात फोटो काढायला पण रांग. शांत बर्फ, शांत जंगल, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टला दोन मिनिटांत नंबर असं हवं असेल तर ते लॅपलँडमध्ये अजूनही भरपूर मिळतं, फक्त आपण निवडताना उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी गाव ठरवतो, मग सुट्टी टाकतो. माझं म्हणणं आहे की आधी आठवडा ठरवा, गाव नंतर. चुकीच्या आठवड्यात शांत गावात पण गर्दी सापडते आणि बरोबर आठवड्यात मोठ्या रिसॉर्टला पण मोकळं वाटतं.

पायरी १: आठवडा

नाताळ ते ६ जानेवारी सोडून द्या. ६ जानेवारीला फिनलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, ती झाली की लोक घरी परततात.

दुसरी गर्दी आपल्याकडच्या लोकांना माहीतच नसते. फिनलंडच्या शाळांना हिवाळ्यात एक आठवड्याची सुट्टी असते, तिला ते हिइह्तोलोमा म्हणतात, म्हणजे सरळ स्कीइंगची सुट्टी. ती सगळ्या देशाला एकदम न देता कॅलेंडरच्या ८व्या, ९व्या आणि १०व्या आठवड्यात भागाभागाने देतात, आधी हेलसिंकी आणि दक्षिणेकडचे, मग मधले, शेवटी उत्तर आणि पूर्वेचे. २०२७ मध्ये हे तीन आठवडे २२ फेब्रुवारी ते १४ मार्च असे येतात. या काळात घरं महाग, रेल्वे फुल, लिफ्टला रांगा. ब्रिटनच्या शाळांची सुट्टी फेब्रुवारीच्या मध्याला असते, ती पण बघून ठेवा. ईस्टर दरवर्षी सरकतो, २०२७ ला २८ मार्चला आहे.

मग उरलं काय? दोन मोकळे पट्टे.

एक, ७ जानेवारीनंतर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. खरी शांतता इथेच आहे. पण अंधार आहे हे मनाशी पक्कं करूनच जा. युल्लासच्या (लॅपलँडमधलं एक मोठं स्की रिसॉर्ट) बाजूला जानेवारीच्या मध्याला सूर्य जेमतेम तीन-साडेतीन तास वर असतो, तो पण क्षितिजाला चिकटून, बाकी वेळ निळा-गुलाबी संधिप्रकाश. मला स्वतःला हा उजेड फार आवडतो, आणि झाडांवर बर्फ इतका जाड बसलेला असतो की झाड ओळखू येत नाही. मुख्य उतारांवर दिवे असतात, त्यामुळे स्कीइंग अडत नाही. थंडी मात्र उणे ३० पर्यंत जाऊ शकते आणि फारच थंडी किंवा वारा असेल तर लिफ्ट बंद ठेवतात. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर हा काळ मी सुचवणार नाही.

दोन, शाळांच्या सुट्ट्या संपल्यावर, म्हणजे ईस्टरचे दिवस वगळून मार्चचा दुसरा अर्धा आणि एप्रिल. लोकांना वाटतं एप्रिलमध्ये बर्फ कुठला, तर लॅपलँडमध्ये बर्फाची खोली मार्च-एप्रिलमध्येच सगळ्यात जास्त असते. मार्च संपता संपता दिवस १३ तासांच्या वर गेलेला असतो, ऊन असतं, गॉगल आणि सनस्क्रीन लागतं. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्या माणसाला हाच काळ बरा, पडलं तरी बोटं गोठत नाहीत. फक्त नॉर्दर्न लाइट्स बघायचेच असतील तर मार्च संपायच्या आत जा, एप्रिलमध्ये रात्रीचा काळोख झपाट्याने कमी होत जातो.

पायरी २: कोणतं स्कीइंग ते ठरवा

दोन प्रकार आहेत, लिफ्टने वर जाऊन उतारावरून खाली येणं, आणि सपाट-चढउताराच्या ट्रॅकवरून जंगलातून लांब जाणं, म्हणजे क्रॉसकंट्री. लॅपलँडचे डोंगर आल्प्ससारखे नाहीत. युल्लास ७१८ मीटर उंच आहे आणि तरी तिथली रिसॉर्टं बघता हा मोठा डोंगर. उतार बुटके असतात, नवशिक्याला छान, पण आल्प्सला जाऊन आलेल्या माणसाला दोन दिवसांत संपल्यासारखे वाटतील. क्रॉसकंट्रीचं तसं नाही. एकट्या युल्लासच्या आसपास ३०० किलोमीटरपेक्षा जास्त ट्रॅक आहेत, ते मशिनने नीट करून ठेवलेले असतात आणि वापरायला पैसे लागत नाहीत. शांतता हवी असलेल्याने निदान अर्धे दिवस तरी क्रॉसकंट्रीला द्यावेत असं माझं ठाम मत आहे, कारण गर्दी होते ती लिफ्टच्या पायथ्याशी, ट्रॅकवर दोन किलोमीटर आत गेलात की माणसं तुरळक होतात. वाटेत लाकडी आडोसे आणि झोपड्या असतात, बऱ्याच ठिकाणी सरपण पण ठेवलेलं असतं, शेकोटी करून डबा खाता येतो. फक्त ट्रॅकवरून चालू नका, पायाने खड्डे पडतात आणि मागून येणारा पडतो. चालायचे आणि स्नोशूचे (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाला बांधायच्या रुंद चौकटी) रस्ते वेगळे असतात.

पायरी ३: आता गाव

लेवी हे सगळ्यात गजबजलेलं. हॉटेल, दुकानं, बार सगळं उताराच्या पायथ्याशी, नोव्हेंबरमध्ये स्कीइंगच्या वर्ल्ड कपची स्लॅलम (काठ्यांमधून वळणं घेत उतरायची) शर्यत पण तिथेच होते. वाईट मुळीच नाही, सोय हवी असेल तर उत्तम, पण शांत नाही.

युल्लास लेवीपासून फार लांब नाही आणि उतार तर लेवीपेक्षा जास्त आहेत, पण डोंगराच्या दोन बाजूंना दोन गावं असल्यामुळे लोक विभागले जातात. अॅकॅसलोम्पोलो हे जरा मोठं, तिथे तळ्याकाठी दुकान, भाड्याचं सामान, खायच्या जागा आणि दारातून क्रॉसकंट्रीचे ट्रॅक. युल्लासयार्वी त्याहून शांत. शेजारीच पल्लास-युल्लासतुंतुरी नॅशनल पार्क आहे. कुटुंबात एकाला उतार हवेत, एकाला ट्रॅक आणि एकाला नुसतं खिडकीत बसून पुस्तक वाचायचंय, अशी परिस्थिती असेल तर डोळे झाकून युल्लास.

प्युहा माझं सगळ्यात आवडतं. चौदाच्या आसपास उतार, एवढंच. लेवी-युल्लासपुढे हे काहीच नाही, आणि म्हणूनच तिथे जायचं. डोंगराला लागून प्युहा-लुओस्टो नॅशनल पार्क, त्यात इसोकुरू नावाची घळ आहे, २२० मीटर खोल, फिनलंडमधली सगळ्यात खोल. शेजारचं लुओस्टो अजून छोटं, तिथे अॅमेथिस्टची खाण आहे, वर चढून जाऊन बघता येते. एक दिवस स्की बाजूला ठेवायची असेल तर मस्त.

साल्ला पार पूर्वेला, रशियाच्या सीमेजवळ. तिथे २०२२ पासून नॅशनल पार्क झालंय. पोचायला वेळ लागतो आणि तोच त्याचा फायदा. सारीसेल्का उत्तरेला, इवालो विमानतळापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे परदेशी ग्रुप बरेच येतात, पण मागे उर्हो केक्कोनेन नॅशनल पार्क प्रचंड पसरलेलं आहे, गावात गर्दी असली तरी तिकडे शिरलात की सुटलात.

पायरी ४: पोचायचं कसं ते आधी बघा

शांत जागा शांत का असते, तर विमानतळापासून लांब असते म्हणून. लेवी किट्टिला विमानतळापासून १५ किलोमीटरवर आहे, त्याच विमानतळाहून युल्लासला जायला जास्त वेळ लागतो, आणि प्युहा रोव्हानिएमीपासून १३० किलोमीटरच्या आसपास. हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे हा मला सगळ्यात भारी पर्याय वाटतो. कोलारीची गाडी युल्लाससाठी, केमियार्वीची गाडी प्युहासाठी. संध्याकाळी बसायचं, झोपायचं, सकाळी खिडकीबाहेर पांढरं जंगल. पुढे बस मिळते, पण ती त्या दिवशी आहे का आणि तुमच्या गाडीला जोडून आहे का हे बघूनच रेल्वेचं तिकीट काढा, कारण शांत गावात दुसरी बस लगेच नसते. स्वतः गाडी चालवणार असाल तर उजव्या बाजूने चालवायची, दिवसाचा उजेड असतानाच लांबचं अंतर उरकायचं आणि रस्त्यात रेनडिअर उभे असतात हे लक्षात ठेवायचं. एखाद्याला धडक बसलीच तर ११२ ला कळवणं बंधनकारक आहे.

पायरी ५: घर

इथे लोक गाव बरोबर निवडतात आणि घर चुकवतात. उताराला अगदी चिकटून घर घेऊ नका, संध्याकाळनंतर बर्फ सपाट करणारी मशिन फिरतात, त्यांचा आवाज येतो. दुसरं म्हणजे नकाशावर स्नोमोबाइलचा (बर्फावरची मोटारगाडी) रूट बघा, तो घराजवळून जात असेल तर दिवसभर मोटारसायकली चालल्यासारखं वाटेल. नॅशनल पार्कच्या बाजूचं घर शक्यतो चांगलं, तिथे स्नोमोबाइल सहसा नसतात. ट्रॅक दारातून सुरू होतो का आणि किराणा दुकान चालत किती लांब आहे हे दोन प्रश्न मालकाला मेलवर विचाराच. सौना बहुतेक प्रत्येक घरात असतोच.

पायरी ६: पैसे भरण्याआधी

रिसॉर्टचे वेबकॅम बघा. एखाद्या शनिवारी तिथल्या सकाळी अकरा वाजता लिफ्टखाली किती माणसं उभी आहेत ते दिसतं, जाहिरातीच्या फोटोपेक्षा याच्यावर विश्वास ठेवा. मग त्याच घराच्या किमती वेगवेगळ्या आठवड्यांना टाकून बघा, जिथे किंमत झपकन खाली येते तो मोकळा आठवडा. तिसरं फार महत्त्वाचं, तुमच्या तारखांना कोणत्या लिफ्ट चालू आहेत ते रिसॉर्टच्या वेळापत्रकात बघा, कारण मोकळ्या आठवड्यात लहान ठिकाणी सगळ्या लिफ्ट चालवत नाहीत. स्कीइंगचा क्लास लागणार असेल तर इंग्लिश बोलणारा शिक्षक आधीच बुक करा, आणि मुलांच्या मापाचे बूट पण.

खाण्याचं सोपं आहे, घरात किचन असतं. पोहे, मेतकूट, गोडा मसाला, डाळी घेऊन जा. पण भारतातून थेट जात असाल तर तूप, पेढे, पनीर नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शाकाहारी असाल तर पाकिटावर कास्विस (म्हणजे भाजी) हा शब्द शोधा.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो. स्कीइंगमधली दुखापत त्या पॉलिसीत आहे का ते वेगळं तपासा, बऱ्याच साध्या पॉलिसीत ती वगळलेली असते आणि तेव्हा जास्तीचे थोडे पैसे भरून ती घालून घ्यावी लागते.