पॅनलवर नाव लागलं की काय करायचं, काय लिहायचं

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच्या ज्युनिअर वकिलांना मी आधी हेच सांगते: विधी सेवा पॅनलवर, म्हणजे गरजूंना मोफत मिळणाऱ्या वकिलांच्या यादीवर, नाव लागलं म्हणून पाटी रंगवायला जाऊ नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार कुठल्या संस्थेशी आपला संबंध आहे, कुठल्या विषयात हातखंडा आहे, हे वकिलाच्या पाटीवर लिहिता येत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अर्ज मागवतं, तेव्हा तो करायचा. किमान तीन वर्षांची वकिली लागते. ‘सर्व प्रकारची प्रकरणे’ असं ठोकून देऊ नका. पोटगी, जामीन, मोटार अपघात, जे खरंच चालवलंय तेच लिहा. पक्षकाराकडून काहीही घ्यायचं नाही, ‘झेरॉक्सचे तेवढे द्या’ हेसुद्धा नाही.

आणि 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 पाठच करा, मोफत वकील कुणाला मिळतो ते त्यात आहे. समोर बाई बसली की आधी नवऱ्याचा पगार विचारणारे वकील मी अजून बघते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कोठडीतला आरोपी, औद्योगिक कामगार, अपंग यांना उत्पन्नाची अट नाहीच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिला तहसीलदार कचेरीत पिटाळलंत, तर ती परत येईल याचा भरवसा नाही.

आता लेखनाचं, म्हणजे लोकांसाठी वर्तमानपत्रात कायद्यावर लिहायचं ते. विषय शोधायला ग्रंथालय नको, नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या सभेत बसा. ‘इमारत आमची, जमीन अजून बिल्डरच्या नावावर, मग पुनर्विकास कसा करायचा?’ झाला लेख. करारात मुदत ठरलेली नसेल तर सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं अभिहस्तांतरण करून द्यायचं, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करायची असते. नाही दिलं तर 1963च्या मोफा कायद्याच्या (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा) कलम 11 खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवायच मालकी नावावर करून घेण्याचा अर्ज. सोसायटीचा नोंदणी दाखला, सभासदांचे करार, इंडेक्स-2 (करार नोंदवल्याचा उतारा), मिळकत पत्रिका किंवा सातबारा हे कागद नावानिशी सांगा. सेक्रेटरी लेख कापून फाइलला लावतो तो यासाठी, तुमच्या इतिहासाच्या परिच्छेदासाठी नाही. तो परिच्छेद सरळ काढून टाका.

स्वतः चालवत असलेल्या प्रकरणावर वर्तमानपत्रात मतं द्यायची नाहीत, फोटो छापून आणायचा नाही. तेही नियम 36 मध्येच आहे. शेवटी मोबाइल नंबर तर नकोच, ती सरळ जाहिरात झाली. नाव आणि ‘वकील, ठाणे’ एवढं पुरतं. अत्याचारित स्त्रीची ओळख पटेल असा गावाचा, शाळेचा उल्लेखही टाळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली तो गुन्हा आहे.

कलमांचे आकडे मात्र जुने-नवे दोन्ही द्या. लोकांना विवाहितेच्या छळाचं जुन्या दंड संहितेतलं 498अ तोंडपाठ आहे, न्याय संहितेतलं 85 नाही. आणि 1 जुलै 2024 आधी, म्हणजे न्याय संहिता लागू होण्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, हे त्याच वाक्यात सांगून टाका.