यूएपीएखालील झडती, अटक आणि फोनची जप्ती : आपले घटनात्मक हक्क कसे राखावेत

दहशतवादविरोधी कायद्यांच्या प्रकरणांत गेल्या काही वर्षांत जे निकाल आरोपींच्या बाजूने लागले, ते वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांतले बरेचसे निकाल एखाद्या तारखेवर, न दिलेल्या कागदावर किंवा वेळेत दाखल केलेल्या अर्जावर उभे आहेत. म्हणून या लेखात हक्कांची यादी देण्याऐवजी कोणत्या क्षणी कोणता कागद मागावा, कोणती वेळ टिपून ठेवावी आणि कोणता अर्ज कधी करावा, हे सांगितले आहे. तो कार्यकर्ते, पत्रकार, विद्यार्थी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. प्रत्यक्ष प्रसंगी वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७, म्हणजेच यूएपीए, मुळात बेकायदेशीर संघटनांविरुद्धचा कायदा होता. पोटा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला तेव्हा, २००४ मध्ये, त्यात दहशतवादाच्या तरतुदी आल्या. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये जामीन आणि तपासाची कठोर कलमे आली. आणि २०१९ पासून संघटनेप्रमाणेच एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येते. या कायद्याखाली अटकपूर्व जामीन मिळत नाही. मात्र संविधानाचे अनुच्छेद २०, २१ आणि २२ या कायद्यामुळे निलंबित होत नाहीत, आणि पुढचे सारे त्यांच्याच आधाराने उभे राहते.

आधीची तयारी

फोनला केवळ बोटाचा ठसा किंवा चेहरा यांचे कुलूप ठेवू नये. अक्षरे आणि अंक मिळून होणारा लांब पासकोड ठेवावा. बोटाचा ठसा ही शरीराची खूण असते, तर पासकोड ही मनातली माहिती असते, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगणारा अनुच्छेद २०(३) पासकोडच्या बाबतीत अधिक जोराने मांडता येतो. हा प्रश्न अद्याप अंतिमतः सुटलेला नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने फोन उघडून घेता येईल असे म्हटले, तर दिल्लीतील एका विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीवर पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. म्हणून पोलिसांनी पासवर्ड मागितल्यास शांतपणे म्हणावे की लेखी आदेश द्या, मी वकिलांशी बोलून उत्तर देईन.

फोनची प्रणाली अद्ययावत ठेवावी, फोन अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि ज्यांना विशेष धोका वाटतो त्यांनी आयफोनमधील लॉकडाउन मोड, म्हणजे हेरगिरीच्या हल्ल्यांपासून जास्तीचे संरक्षण देणारी सोय, वापरावा. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये घुसखोर सॉफ्टवेअरच्या मार्गाने कागदपत्रे पेरली गेली होती, असा अहवाल आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी प्रयोगशाळेने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. अनोळखी जोडपत्र उघडू नये हा सल्ला त्यामुळे किरकोळ मानता येत नाही. मात्र नोटीस आल्यावर किंवा झडती सुरू झाल्यावर फोनमधले काहीही पुसू नये. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि निर्दोष माणूस त्यात नाहक अडकतो.

वकिलाचा आणि दोन नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घरात ठेवावा. फोन जप्त झाला की त्यातला एकही क्रमांक आपल्या हाती राहत नाही. आणीबाणीत कुणाला कळवायचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मोठ्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.

झडती आणि जप्ती

पथक दारात आले की अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि पोलीस ठाणे विचारावे, आणि गुन्ह्याचा क्रमांक व झडतीचा अधिकार देणारा कागद पाहण्यास मागावा. अडथळा आणू नये. हरकत असेल तर ती पंचनाम्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे, जप्तीची यादी करून त्यावर पंचांच्या सह्या घेण्यापर्यंतचे, दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. चित्रीकरण सुरू आहे का हे विचारावे, आणि नसेल तर ती गोष्ट वेळेसह टिपून ठेवावी.

पंच कोण आहेत, ते खरोखर घरात उपस्थित आहेत का आणि लिहिले जाते ते त्यांना वाचता येते का, याकडे घरातल्या एकाने सतत लक्ष ठेवावे. प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात त्यांच्या दिल्लीतील घराच्या झडतीला घेतलेल्या पंचाला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवताना इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ही जप्ती विश्वासार्ह मानली नाही.

फोन, लॅपटॉप, हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह नेत असतील तर प्रत्येक वस्तूचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि फोनची ओळख पटवणारा आयएमईआय क्रमांक पंचनाम्यात आला आहे का ते पाहावे. वस्तू आपल्यासमोर सीलबंद व्हावी. हॅश व्हॅल्यू काढून पंचनाम्यात नोंदवण्याची मागणी करावी. हॅश व्हॅल्यू म्हणजे साठवलेल्या माहितीचा अंकाक्षरी ठसा; आतला एक शब्द जरी बदलला तरी हा ठसा बदलतो, त्यामुळे जप्तीनंतर काही घातले किंवा काढले गेले का हे त्यावरून कळते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. ती जागेवर काढली नाही, तर तशी मागणी केल्याची लेखी नोंद पुढे फार उपयोगी पडते. पंचनाम्याची आणि जप्तीच्या यादीची प्रत घेतल्याशिवाय पथकाला निरोप देऊ नये, आणि कोऱ्या कागदावर सही तर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

चौकशीची नोटीस

“जरा ठाण्यात येऊन जा” असा तोंडी निरोप आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागावी, आणि ती आली की आपल्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे की संशयित म्हणून, हे आधी पाहावे. साक्षीदार स्त्री असेल, पंधरा वर्षांखालचा मुलगा किंवा साठ वर्षांवरील पुरुष असेल, दिव्यांग किंवा गंभीर आजारी असेल, तर संहितेच्या कलम १७९ नुसार तिला किंवा त्याला राहत्या जागेखेरीज इतरत्र येण्याची सक्ती करता येत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हेही लक्षात ठेवावे. पोलिसांपुढे दिलेली कबुली यूएपीएच्या खटल्यात पुरावा ठरत नाही. मात्र मकोका, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लावला असेल तर अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली जाऊ शकते. त्यामुळे कोणता कायदा लावला आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

गप्प राहण्याच्या हक्काला एक अपवाद जोडलेला आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. यूएपीएच्या कलम ४३ एफ खाली तपास अधिकारी कोणाही व्यक्तीकडे गुन्ह्यासंबंधी माहिती मागू शकतो आणि ती न देणे हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पण त्यासाठी किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वलेखी मान्यता लागते. ती मान्यता पाहण्यास मागावी, आणि स्वतःला गोवणारा प्रश्न असेल तर अनुच्छेद २०(३) चा उल्लेख करून उत्तर वकिलामार्फत लेखी द्यावे.

अटकेनंतरचे पहिले चोवीस तास

अटकेची वेळ मिनिटासह लिहून ठेवावी. अनुच्छेद २२ प्रमाणे प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांची अटक १५ मे २०२४ रोजी बेकायदा ठरवली, कारण त्यांना अटकेचे आधार लेखी दिले नव्हते. या निकालाने एक महत्त्वाचा फरक स्पष्ट केला. तपासासाठी अटक आवश्यक आहे, पुराव्यात फेरफार होऊ नये, अशी छापील कारणे कोणालाही लागू पडतात. आधार मात्र त्या विशिष्ट माणसाने नेमके काय केल्याचा आरोप आहे हे सांगणारे हवेत. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, हे आधार अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावेत, आणि तातडीमुळे आधी देता आले नाहीत तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी, हजर करण्यापूर्वी किमान दोन तास तरी द्यावेत, असे त्याच न्यायालयाने ठरवले. आपल्याला इंग्रजी समजत नसेल तर तसे दंडाधिकाऱ्यांना सांगावे आणि मराठीतील प्रत मागावी.

भाषेचा हा मुद्दा केवळ औपचारिक नाही. पुणे पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणात ऑगस्ट २०१८ मध्ये गौतम नवलखा यांना दिल्लीत ताब्यात घेतले, तेव्हा तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे ठेवलेली कागदपत्रे बरीचशी मराठीत होती. ती वाचताच न येणाऱ्या दंडाधिकाऱ्याने विचारपूर्वक आदेश कसा दिला, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी तो ट्रान्झिट रिमांड, म्हणजे दुसऱ्या राज्यात नेण्याचा आदेश, रद्द झाला. परराज्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडू शकते.

चौकशीच्या संपूर्ण काळात नसला तरी चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. रिमांडच्या वेळी आपल्या पसंतीचा वकील आला नसेल तर “माझ्या वकिलांना कळवले आहे, ते येईपर्यंत थांबावे” असे न्यायालयात स्पष्ट म्हणावे आणि ते आदेशात नोंदवण्याची विनंती करावी. मारहाण झाली असेल तर तेही याच वेळी सांगावे. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधता येतो. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दिवस मोजणे

घरच्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या रिमांडच्या दिवसाभोवती खूण करावी आणि तोच दिवस पहिला धरून नव्वद मोजावेत. एवढ्या काळात दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर जामीन हा हक्क होतो. त्याला डिफॉल्ट जामीन म्हणतात. यूएपीएखाली सरकारी वकिलाच्या कारणांसह दिलेल्या अहवालावरून न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते, परंतु मुदतवाढीचा अर्ज ऐकताना आरोपीला हजर ठेवून तशी कल्पना द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

हा हक्क आपोआप हाती येत नाही आणि दोषारोपपत्र आले की निसटतो. भीमा कोरेगाव प्रकरणातील सुधा भारद्वाज यांना मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी याच कारणाने जामीन दिला, कारण मुदतवाढ देणाऱ्या पुण्यातील न्यायालयाला तो अधिकारच नव्हता आणि त्यांचा अर्ज वेळेत झालेला होता. त्याच प्रकरणातील इतर आठ जणांना तो दिलासा मिळाला नाही. त्यांचे अर्ज योग्य वेळी झाले नव्हते. मला या विषयात याहून बोलका धडा आढळलेला नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्याच सकाळी लेखी अर्ज न्यायालयात पडलेला असावा आणि त्यावर दाखल केल्याची वेळ असावी.

नेहमीचा जामीन कलम ४३ डी (५) मुळे अवघड असतो, कारण आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायालय तो देत नाही. तरीही खटला रेंगाळून कैद फार लांबली तर जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ खाली जामीन मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नजीब निकालात मान्य केले आहे, आणि व्हर्नन गोन्साल्विस व अरुण फरेरा यांना जुलै २०२३ मध्ये जामीन देताना पुराव्याचा वरवरचा तरी कस पाहावा लागतो असे म्हटले आहे. त्यासाठी प्रत्येक पुढे ढकललेली तारीख आणि ती कोणामुळे ढकलली याची वही ठेवावी. विशेष न्यायालयाने अर्ज फेटाळला तर उच्च न्यायालयात तीस दिवसांच्या आत अपील करावे.

दोषारोपपत्र हातात आल्यावर

पहिल्यांदा खटला चालवण्यास सरकारने दिलेल्या मंजुरीचे पान शोधावे. स्वतंत्र प्राधिकरणाने पुरावा मिळाल्यापासून सात कामाच्या दिवसांत शिफारस आणि सरकारने त्यानंतरच्या सात कामाच्या दिवसांत निर्णय, अशी मुदत २००८ च्या नियमांत आहे आणि ती काटेकोरपणे पाळलीच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बजावले आहे. या तारखा दोषारोपपत्रात नसतील तर अर्ज करून मागवाव्यात.

दूरध्वनी संभाषणे पुरावा म्हणून लावली असतील तर प्रत्येक ध्वनिमुद्रणामागचा गृहसचिवांचा आदेश, त्यातली कारणे आणि पुनर्विलोकन समितीचा निष्कर्ष मागावा. आदेश साठ दिवस चालतो आणि वाढवला तरी १८० दिवसांपलीकडे जात नाही. तातडीत खालच्या अधिकाऱ्याने दिलेला आदेश सात कामाच्या दिवसांत कायम व्हावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचे कारण नसताना दिलेले असे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आपल्या प्रकरणात आदेशाची तारीख आणि संभाषणाची तारीख समोरासमोर लिहून तक्ता करावा. ज्या संभाषणाला आदेशाचे छत्र नाही ते वगळण्याचा अर्ज वकिलांनी पुरावा सुरू होण्यापूर्वीच द्यावा, आणि तो फेटाळला गेला तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते.