ग्रीक शिकताय? मग दाणा आणि धान्य वेगळं ठेवा

बायबलमधल्या नव्या कराराची ग्रीक शिकायला घेतली, तेव्हा माझी सगळी भिस्त इंग्रजीवर होती. योहान १२:२४ काढलं, शेजारी जुनं किंग जेम्स भाषांतर. त्यात 'कॉर्न ऑफ व्हीट' दिसलं आणि मी वहीच्या समासात लिहिलं, 'मका?'. मका तर अमेरिकेतला; येशूच्या काळी तो त्या भागात कुणाला ठाऊकच नव्हता. त्या जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलाही दाणा, हे मला फार उशिरा कळलं.

ग्रीकमध्ये तिथे आहे 'कोक्कोस तू सितू', गव्हाचा दाणा. कोक्कोस म्हणजे चिमटीत धरता येतो तो एक दाणा; मोहरीच्या दाण्यालाही हाच शब्द. सितोस ('सितू' हे त्याचंच रूप) म्हणजे कोठारात भरतात ते धान्य, बहुतेकदा गहू. हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. म्हणून नवशिक्यांना माझं आग्रहाचं सांगणं: ग्रीकमधून थेट मराठीत या. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरूनच बायबल मराठीत आणलं.

सितोस गहू की धान्य, हे आजूबाजूचे शब्द सांगतात. प्रकटीकरण ६:६ मध्ये एका दिनाराला, म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीत, एक खोइनिक्स (धान्याचं एक माप) सितोस मिळतं, पण क्रिथे तीन खोइनिक्स. क्रिथे म्हणजे जव, तेव्हा सितोस इथे गहूच. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या ७:१३ च्या ग्रीक भाषांतरात मात्र द्राक्षारस आणि तेलाबरोबर तोच शब्द हिब्रू 'दागान'साठी येतो; तिथे धान्य म्हणावं.

मार्क ४:२८ ने मला सगळ्यात जास्त शिकवलं. आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला सितोस. कोशाप्रमाणे मी 'धान्य' लिहिलं आणि वाक्य मोठ्यानं वाचलं. कानाला खटकलं. कणसात भरतो तो दाणा! खोडून तसं लिहिलं. मोठ्यानं वाचायची ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आणि कोशात कोक्कोस शोधाल तेव्हा शेजारचा कोक्किनोस सोडू नका. ज्या किड्यांपासून लाल रंग काढत, ते वाळल्यावर दाण्यांसारखे दिसत. म्हणून त्यांनाही कोक्कोस म्हणत आणि त्या रंगाला कोक्किनोस. मत्तय २७:२८ मध्ये शिपाई येशूच्या अंगावर घालतात, तो झगा याच रंगाचा. आपला 'किरमिजी' शब्दही किड्यावरूनच आलाय.