सेंद्रिय अन्न घेताय? मग या चुका टाळा

पाकिटावरचा सेंद्रिय शिक्का एकच गोष्ट सांगतो: हे पीक कसं वाढवलं. कृत्रिम रासायनिक खतं वापरली नाहीत, जनुकीय बदल केलेलं बियाणं पेरलं नाही, कीड आवरायला ठरावीक यादीतलीच औषधं वापरली. पदार्थ ताजा आहे का, स्वच्छ आहे का, रोज खाण्याजोगा आहे का, याबद्दल तो शिक्का काहीच बोलत नाही. आपण मात्र या सगळ्याची हमी त्याच्याकडून घेतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

फवारणी झालेलीच नाही, असं धरून चालणं

कीड सेंद्रिय शेतातही पडते. तिथे तांबं असलेलं बोर्डो मिश्रण, गंधक, कडुनिंबाचा अर्क, जिवाणूंपासून मिळणारं स्पिनोसॅड अशी औषधं चालतात. त्यातली सगळीच निरुपद्रवी नाहीत. तांबं जमिनीत साचत जातं, म्हणून युरोपियन युनियनने त्यावर हेक्टरी 7 वर्षांत 28 किलोची मर्यादा घातली आहे. तरीही कृत्रिम कीटकनाशकांचे अवशेष सेंद्रिय मालात बरेच कमी वेळा सापडतात, आणि सेंद्रिय निवडण्याचं हे भक्कम कारण आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढं लक्षात असू द्या. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने उडून येतेच.

न धुता खाणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण इथे गाठ जंतूंशी आहे. कच्चं शेणखत घातलं तर जमिनीला टेकणारं पीक किमान 120 दिवस काढायचं नाही, असा अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांचा नियम आहे. हा नियम उगाच केलेला नाही; कच्च्या शेणातले जंतू पिकावर येऊ शकतात. आणि जंतू इतर वाटांनीही येतात. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली आणि 50 हून अधिक माणसं दगावली. तपासाचा माग एका सेंद्रिय शेतावरच्या मोडांपर्यंत गेला. दोष सेंद्रिय पद्धतीचा होता असं नाही. संशय आयात केलेल्या मेथीच्या बियांवर होता. पण शिक्का असल्याने तो धोका टळला नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. पालेभाजीची पानं सुटी करून देठाकडची माती काढा. मोड वाफवून घ्या, आजारी माणसासाठी आणि गरोदर बाईसाठी तर नक्कीच.

पौष्टिकतेसाठी घेणं

2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांत ठळक फरक दिसला नाही. 2014 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने 343 अभ्यासांचा आढावा निघाला; त्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. एवढ्यावरून तब्येत सुधारेल असं म्हणता येत नाही. आणि सेंद्रिय साखरेचं बिस्कीट हे साखरेचंच बिस्कीट.

पाकिटाचा पुढचा भाग वाचून थांबणं

‘नैसर्गिक’, ‘केमिकल-फ्री’, ‘शेतातून थेट’ या शब्दांमागे सेंद्रियसारखी तपासणी नसते. पाकीट उलटं करा. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आहे का ते बघा. तयार पदार्थ असेल तर प्रमाण बघा: अमेरिकेत आणि युरोपियन युनियनमध्ये सेंद्रिय म्हणून विकायला किमान 95 टक्के घटक सेंद्रिय लागतात.

छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला विचारा, तण कसं काढता? तणनाशकाशिवाय शेती करणाऱ्याकडे या प्रश्नाचं लांबलचक उत्तर असतं: खुरपणी, आच्छादन, फेरपालट, मजुरांची चणचण. नुसतं ‘आमचं सगळं नॅचरल आहे’ एवढंच ऐकू आलं, तर आणखी खोलात जाऊन विचारा.

धान्याला कीड लागली की फसवणूक समजणं

साठवणीच्या धान्याला एरवी अनेकदा फॉस्फिन या कीड मारणाऱ्या वायूची धुरी देतात. सेंद्रिय धान्याला ती चालत नाही, त्यामुळे किडीची अंडी आतच राहू शकतात. धान्य थोडं थोडं आणा. घरी आणल्यावर हवाबंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढलं की लगेच पिशवी उघडू नका. धान्य खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी दाण्यांवर धरतं आणि बुरशी येते.

सगळं सेंद्रिय, नाहीतर काहीच नाही

परवडत नाही म्हणून घरात भाजी-फळं कमी येऊ लागली, तर तोटाच झाला. साध्या शेतीतली भाजीही खाण्यासारखीच असते. सुरुवात कुठून करायची, हे तुमच्या कारणावर अवलंबून आहे. स्वतःच्या पोटात कमी अवशेष जावेत, एवढंच हवं असेल तर सालीसकट खाल्ली जाणारी फळं आणि पालेभाज्या आधी घ्या; जाड सालीची फळं मागे राहिली तरी चालेल. पण फवारणी करणाऱ्या मजुराचा आणि मातीचा विचार करून घेत असाल, तर हा सालीचा हिशोब लागू पडत नाही. जाड सालीच्या फळावर मारलेलं औषध तुमच्यापर्यंत पोहोचत नसेल, पण पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या श्वासात ते जातंच. अशा वेळी ज्या पिकावर जास्त फवारणी होते, ते आधी सेंद्रिय घ्या, मग त्याची साल कशीही असो.